खोटं नको, कळायलाही नको

डॉक्टरनं माझा कागद दोन बोटांत धरून वर उचलला. ओला मोजा धरावा तसा.

"मंडळी," तो इंग्रजीत म्हणाला, "आमच्या टायपिस्ट मिसनं माझ्या पेपरासाठी फ्रॉक शिवला आहे. वडील शिंपी आहेत तिचे. रक्तातच आहे."

खोलीभर पुरुष होते. ते हसले. संस्थेत मोठ्यानं हसत नाहीत. घशातल्या घशात हसतात, चष्मा काढून पुसतात, पुन्हा घालतात. मग तो माझ्याकडं वळला आणि आवाज खाली आणून मराठीत म्हणाला, "झबलं शिवलंस गं माझ्या पेपराला! आता याला हात धरून चालायला शिकवू का?"

त्या खोलीत मराठी कळणारे तिघंच. तो, मी आणि त्याच्या हाताखालचा बेळगावचा देसाई. देसाई दोनदा हसला. एकदा सगळ्यांबरोबर, एकदा एकटा.

मग डॉक्टरनं माझं वाक्य वाचून दाखवलं. लहान मुलांना धडा वाचून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा करून. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत असं होईल: ओलसर हवेत ही पूड किडे मारत नाही.

"माझ्या स्वयंपाकिणीलासुद्धा समजेल हे," तो म्हणाला.

सगळ्यात जास्त हशा याला झाला.

मी दाराजवळच्या स्टुलावर होते. मांडीवर शॉर्टहँडचं पॅड. मी खाली बघत राहिले. जमीन लाल होती, घोटून घोटून चकचकीत केलेली, तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती. माझे कान तापले होते. स्वयंपाकिणीला समजलं तर बिघडलं काय, धान्य तर तीच निवडते, हे मला घरी जाताना बसमध्ये सुचलं. माझं नेहमी असंच होतं. उत्तर बसमध्ये येतं.

मी त्याला 'तो' म्हणते आहे. संस्थेत सगळे 'ते' म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं म्हटलं. आता म्हणणार नाही.

आम्ही बेंगळुरूच्या चिकपेठेतले. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेच्या मागून तंबू शिवत शिवत इकडं आले आणि फौज परत गेली तरी इथंच राहिले, असं घरात सांगतात. घरी मराठी बोलतो. पुण्याच्या माणसाला ती मराठी वाटत नाही. आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो, आईला अम्मा. 'थोडं थांब'ला 'स्वल्प थांब' म्हणतो. डॉक्टर पुण्याचा. नोकरीला लागले तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, "तुमची ही कुठली मराठी म्हणायची?" मी म्हटलं, घरची. तेव्हाही तो हसला होता.

अण्णा आधी कॅंटोनमेंटात गोऱ्या साहेबांचे कपडे शिवत. एका मडमेनं शब्द टाकला म्हणून मला तिकडच्या कॉन्व्हेंटात घेतलं. शाळेत मी इंग्रजी शिकले आणि गप्प बसायला शिकले. मोटारीतून येणाऱ्या मुली होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या युनिफॉर्मची कड उलटून बघितली, स्वतःचीही उलटून बघितली, आणि वर्गाला ओरडून सांगितलं, "एकच दर्जी! हिचा बाप!" त्या दिवसापासून मी शाळेत बोलणं कमी केलं. कन्नड रस्त्यावर, मराठी घरात, इंग्रजी शाळेत, तमिळ शेजारी. चारही भाषांत मी गप्प होते.

पण गप्प माणूस वाचतो. आणि त्या शाळेत एक म्हातारी नन होती, ती माझ्या निबंधात जिथं जिथं मी उगाच फुलोरा केलेला असे तिथं लाल शाईनं विचारायची, 'म्हणजे काय?' तेवढंच. उत्तर मीच शोधायचं. माझं सगळं इंग्रजी या प्रश्नावर उभं आहे.

शाळेनंतर टायपिंग-शॉर्टहँड शिकले आणि मल्लेश्वरमच्या पुढं असलेल्या या संस्थेत लागले. धान्य कसं टिकवायचं, यावर तिथं संशोधन चालतं. धान्य साठवणारा माणूस त्या इमारतीत कधी आलेला मी बघितला नाही.

शास्त्रज्ञांचे कागद माझ्याकडं टाइप करायला यायचे. त्या इंग्रजीबद्दल काय सांगू. वाक्य सुरू व्हायचं, चार वळणं घ्यायचं आणि कुठं तरी बसून राहायचं. कर्ता सापडायचा नाही. प्रयोग कुणी केला, काय झालं, हे सांगायची लाज वाटावी तसं सगळं आडून. मला दया यायची. खरंच यायची. वाटायचं, बिचारे गावच्या शाळांतून शिकून आले, इंग्रजी उशिरा हाती लागलं, मला ते लहानपणी मिळालं, तेव्हा आपण हात लावावा. मी हात लावू लागले. एका वाक्याची दोन करायची. 'म्हणजे काय' विचारायचं आणि उत्तर तिथं लिहायचं. न सांगता. टाइप करता करता.

परदेशातून पेपर पसंत होऊन येऊ लागले. कुणी मला काही म्हणालं नाही. फक्त माझ्या टेबलावरचा ढीग वाढला. आधी खालच्या मजल्यावरचे कागद यायचे, मग वरच्या मजल्यावरचेही येऊ लागले. या कामाला संस्थेत नाव होतं: टायपिंगच्या चुका काढणं. चुका त्यांच्या. टायपिंग माझं.

आणि एक शब्द होता, वजन. मी साफ केलेला पेपर हातात घेऊन ते म्हणायचे, हलका झालाय, जरा वजन घाला. मग जाड डिक्शनरी काढून सोप्या शब्दाच्या जागी अवघड शब्द बसवायचे. 'वाढलं' होतं तिथं अशी एक रचना यायची, की वाढलं की घटलं हे पुन्हा आकडे बघून ठरवावं लागे. चांगले शिकलेले, पन्नाशीतले पुरुष खुर्चीत बसून वाक्यात दगड भरायचे. आणि दगड भरून झाले की समाधानानं कॉफी मागवायचे.

डॉक्टर त्यात सगळ्यात हुशार. विभागाचा प्रमुख. विलायतेत राहून आलेला. त्याला माहीत होतं, की त्याचं भाषण तिकडं कुणाला कळलं नव्हतं आणि लोक मधेच उठून गेले होते. त्यामुळं त्याला मी हवी होते. आणि मी हवी आहे हे कुणाला दिसायला नको होतं.

त्यानं युक्ती काढली. तो कोट आमच्या दुकानात पाठवू लागला. उसवायला, सैल करायला, गुंडी लावायला. कोटाच्या आतल्या खिशात भाषणाचे कागद असायचे. शनिवारी ड्रायव्हर कोट टाकून जायचा, मंगळवारी घेऊन जायचा. अण्णा कोट दुरुस्त करायचे, मी कागद. अण्णा एवढ्या मोठ्या साहेबाच्या कोटाला हात लावायला मिळतो म्हणून खूश. मोबदला घ्यायचेच नाहीत. "तुझ्या साहेबाचा आहे गं," म्हणायचे. "आपण माणूस जोडावा." संस्थेच्या पहारेकऱ्यांचे खाकी कपडे शिवायचं कामही तेव्हा अण्णांकडंच होतं. ते काम कुणी कुणाला द्यायचं, हे डॉक्टर ज्या कमिटीत होता तीच ठरवायची.

संस्थेत समोर भेटला की तो कोटाचं नाव काढायचा नाही. चारचौघांत इंग्रजीत मी 'मिस' होते. मराठीत 'तू'.

आता पुडीचं.

एक प्रकारची पांढरी माती भाजून, दळून केलेली पूड. विषारी नाही. ती धान्यात मिसळली की सोंड्यांच्या, म्हणजे धान्यातल्या किड्यांच्या, अंगाला लागते, त्यांच्या अंगातला ओलावा जातो आणि ते वाळून मरतात. युक्ती खरोखर चांगली होती. बेंगळुरूच्या कोरड्या हवेत पूड छान चालली. डॉक्टरचं नाव झालं. सरकारी लोक येऊन बघून गेले. सगळ्या राज्यात वाटायची असं ठरत होतं.

देसाईकडं दुसरं काम दिलं होतं: हवा दमट असली तर काय होतं ते बघायचं. त्यानं काचेच्या बरण्यांतून दमट हवा ठेवून प्रयोग केला. किडे मेले नाहीत. पूड अंगावर घेऊन आरामात हिंडत राहिले. त्यानं पुन्हा केला. पुन्हा तेच. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, कारण त्याचे आकडे मी टाइप करत होते आणि मला वाटलं माझीच काही चूक झाली.

"चूक न्हवं हो," देसाई म्हणाला. "मरतच न्हाईत की ते. मी काय करू?"

"मग मलनाडच्या डोंगरांत, किनारपट्टीला? तिथं तर पावसाळाभर अशीच हवा."

"तिथं काय उपेग न्हाई बघा," तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

पुढं डॉक्टरनं सगळ्या प्रयोगांचा मिळून पेपर लिहिला. देसाईचा निष्कर्ष त्यात होता. एका वाक्यात होता. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. प्रचलित परिस्थितींच्या संदर्भात काही मर्यादांची शक्यता सर्वस्वी नाकारता येणार नसली तरी, असं काहीसं सुरू होऊन ते पुढच्या पानावर जाऊन संपत होतं. दमट हवेचं नाव नव्हतं. किड्यांचं नाव नव्हतं. मला नेहमीसारखी दया आली. बिचाऱ्याला म्हणायचंय आणि म्हणता येत नाहीये. मी ते वाक्य काढलं आणि त्या जागी त्याला म्हणायचं होतं ते लिहिलं. ओलसर हवेत ही पूड किडे मारत नाही.

तो पेपर परदेशी पाहुण्यासमोर आणि सरकारी लोकांसमोर वाचायचा होता. तालीम म्हणून त्यानं आधी तो आपल्या लोकांसमोर वाचायला घेतला, आणि माझ्या वाक्याशी येऊन थांबला. पुढचं मी सांगितलंच आहे. फ्रॉक. झबलं. स्वयंपाकीण.

तालमीनंतर व्हरांड्यात देसाई माझ्या मागून आला.

"मनाला लावून घेऊ नका. तुमी बरोबर लिवलंय."

"मग आत का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" त्यानं इकडं तिकडं बघितलं. "माझा थीसिस हाय की हो त्यांच्याकडं. तुमाला काय, तुमी टायपिस्ट."

तो हे चांगल्या मनानं म्हणाला. अशी चांगली मनं मी त्या इमारतीत खूप बघितली. सगळी व्हरांड्यात.

मला वाटलं, आता कोट यायचा नाही. ज्या माणसानं भर खोलीत माझ्या कामाची आणि माझ्या बापाची चेष्टा केली, तो पुन्हा आमच्याच दुकानात कोट कसा पाठवील? इतकी साधी होते मी.

शनिवारी कोट आला.

अण्णांनी तो खुंटीला अडकवला, बाहीवरून हात फिरवला. खिशातून कागद काढून माझ्या हातात दिले. तोच पेपर. माझी सगळी वाक्यं होती तशी ठेवली होती. ज्या झबल्याला हसला, ते सगळं त्यानं घेतलं होतं. फक्त त्या एका वाक्याभोवती निळ्या पेन्सिलीचं वेटोळं होतं आणि समासात प्रश्नचिन्ह.

मला कळेना काय हवंय. मी कागदाला हात लावला नाही. सोमवारी त्यानं केबिनमध्ये बोलावलं. देसाई तिथं उभा होता, हातात फाइल घेऊन.

"झालं का?" डॉक्टरनं विचारलं. मराठीत.

"त्या वाक्याच्या जागी काय हवं ते कळलं नाही."

"बस."

त्यानं मला बसायला सांगितलं. केबिनमध्ये मी आजवर कधी बसले नव्हते. मी बसले. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"हे बघ. त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस. चेष्टा होती. तुझं इंग्रजी चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी देसाईंसमोर सांगतो. म्हणून तर हे काम तुला देतोय. मी झाकायला गेलो की झाकलंय हे दिसतं. लोक विचारतात, म्हणजे काय? तू लिहिलंस तर कुणी विचारणार नाही. असं एक वाक्य मला दे. गुळगुळीत. वाचणारा वरून घसरून पुढं गेला पाहिजे."

मी त्याच्याकडं बघत होते.

"खोटं लिहायला मी सांगत नाहीये," तो म्हणाला. "खोटं मी जन्मात लिहिलेलं नाही. खोटं नको. कळायलाही नको. एवढंच."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी एवढं स्वच्छ वाक्य कुणा शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कर्ता होता. क्रियापद होतं. काय हवंय ते होतं. याला स्पष्ट बोलता येत होतं! सुरुवातीपासून येत होतं. आणि मी इतकी वर्षं त्या वळणावळणांच्या वाक्यांवर वाकून दया करत होते. गावची शाळा, उशिरा मिळालेलं इंग्रजी, बिचारे. कसले बिचारे? ते धुकं अडाणीपणानं पडलेलं नव्हतं. रोज सकाळी टेबलाशी बसून पाडलेलं होतं. वजन म्हणतात ते हेच. स्वयंपाकिणीला समजलं तर ती विचारेल, मग आमच्या घरी पावसाळ्यात काय? म्हणून तिला समजू द्यायचं नाही. समजणाऱ्यांची एक ओळ करायची, तिच्यात आपण बसायचं, बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचं. आणि दाराला रंग लावायला शिंप्याच्या मुलीला बोलवायचं.

झबल्याच्या दिवशी मला लाज वाटली होती. त्या सोमवारी वाटली नाही. किळस आली. किळस फार उपयोगाची असते, तिच्यात मान वर होते.

तो बोलतच होता. "हे कर. मी वर बोलतो. टायपिस्ट नाही, एडिटर. संस्थेत अशी जागाच नाही, तुझ्यासाठी करू. आत टेबल देतो. मग पुढं तुझं नावसुद्धा कुठं तरी घालता येईल."

हे मला हवं होतं. लपवून काय करू. अगदी हेच हवं होतं, एडिटर. तो शब्द मी मनात किती वेळा टाइप करून बघितला होता.

"मलनाडात ही पूड वाटणार आहेत ना?" मी विचारलं.

"ते सरकारचं काम. आपण पेपर लिहायचा."

"तिथं धान्य सडेल."

"पेपरात मर्यादांचा उल्लेख असेल," तो म्हणाला. "ज्याला वाचता येतं तो वाचेल."

मी देसाईकडं बघितलं. देसाई फाइलच्या दोरीची गाठ सोडत होता. मग बांधत होता.

मी उभी राहिले आणि इंग्रजीत बोलले. त्याच्याशी इंग्रजीत मी 'यस सर' पलीकडं कधी गेले नव्हते. मी म्हटलं, "ओलसर हवेत ही पूड किडे मारत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, यांना माहीत आहे, मला माहीत आहे. ते झाकणारं वाक्य मी लिहिणार नाही."

"तू टायपिस्ट आहेस." मराठीत.

"हो. आणि हे मी टाइपही करणार नाही." इंग्रजीत.

"तुझ्यासारख्या शंभर मुली मिळतात."

"मिळतात. त्यांना झाकता येत नाही." एकदा तरी उत्तर बसच्या आधी आलं.

त्याचा चेहरा लाल झाला नाही. ओरडला नाही. अशी माणसं ओरडत नाहीत. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग," म्हणाला.

याचा अर्थ मला दुसऱ्या आठवड्यात कळला. पहारेकऱ्यांच्या कपड्यांचं काम काढून घेतलं. मला नोकरीवरून काढलं नाही, कारण लगेच काढलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. माझं टेबल मागच्या गोदामाशेजारी हलवलं आणि मला पाकिटांवर पत्ते टाइप करायला दिले. मी राजीनामा दिला.

अण्णा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मी लहान असतानाही कधी ओरडले नव्हते.

"एका वाक्यासाठी? अगं, एका वाक्यासाठी?"

"हो."

"तुला काय पडलंय? मलनाडात कोण आहे आपलं?"

"कुणी नाही."

"मग?" ते मशीनवरून उठले. "माझं ऐक. गिऱ्हाईक येतं. पोट सुटलेलं असतं. कोट बसत नाही. आम्ही सांगतो का, साहेब, तुमचं पोट सुटलंय म्हणून? गप्प शिवण सोडायची, बाजूनं कापड घालायचं, साहेब आरशात बघून खूश. हेच काम आहे. तुझ्या आजाचं हेच, माझं हेच. ते लबाडी आहे काय?"

"नाही अण्णा. पण कोटात पोट लपलं तर कुणाच्या घरचं धान्य सडत नाही."

अम्मा आतून आधी कन्नडात, मग मराठीत म्हणाली, "साकु. पुरे आता दोघांचं."

अण्णांचं पुरे झालं नाही. डॉक्टरचा तो कोट न्यायला ड्रायव्हर आलाच नव्हता; तो त्यांनी दुरुस्त केला, इस्त्री केला, कागद खिशात परत घातले आणि स्वतः बंगल्यावर नेऊन दिला. दारातच घेतला म्हणाले, नोकरानं. मला ते ऐकून डॉक्टरचा राग आला आणि अण्णांचाही. आजही दोन्ही राग आहेत. अण्णा अजून म्हणतात, मी चुकले. त्यांच्या हातून गेलेलं काम परत आलं नाही. तेव्हा त्यांनी तसं म्हणण्यात नवल नाही.

पेपर वाचला गेला. पाहुण्यानं छान म्हटलं. ते गुळगुळीत वाक्य दुसऱ्या कुणी तरी लिहून दिलं; शहरात इंग्रजी येणारे पुष्कळ आहेत. छापून आलेला अंक मी मागवून वाचला. वाक्य चांगलं होतं. अगदी जसं हवं तसं. मी त्यावरून दोनदा घसरले, आणि मला तर काय शोधायचं ते माहीत होतं. पूड वाटली गेली, दमट भागांतही. तिचं पुढं काय झालं ते कुणी पेपरात लिहिलं नाही. देसाईचा थीसिस झाला. त्याच्या नावाआधी आता डॉक्टर लागतं.

म्हणजे मी काहीही थांबवू शकले नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझ्या नकारानं एकाही घरातलं धान्य वाचलं नाही. नकार देणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना लोक शेवटी काही तरी वाचवून दाखवतात. मला दाखवता येत नाही.

आता मी मल्लेश्वरममध्ये एका खोलीत टाइपरायटर घेऊन बसते. दारावर पाटी आहे, तिच्यावर एडिटर लिहिलंय. तो शब्द मी स्वतःला स्वतः दिला. सगळ्या संस्थांतून लोक येतात. बहुतेक तरुण. जिना चढून येतात, घाम पुसतात, "अक्का, स्वल्प बघता का," म्हणतात. काहींना गुरूंनी पाठवलेलं असतं. ते कागद पालथे धरून येतात, मी वर्तमानपत्राची रद्दी घेणारी असल्यासारखं माझ्याकडं बघतात, आणि सांगतात, भाषा तेवढी बघा, शास्त्र तुम्हाला कळायचं नाही. मी त्यांना बसायला सांगते.

कागद मी आधी घेत नाही. तोंडानं सांगा म्हणते. काय केलंत? काय दिसलं? काय दिसेल असं वाटलं होतं आणि दिसलं नाही? कुठल्या भाषेत सांगता त्याची मला पर्वा नाही. कन्नड, तमिळ, बेळगावी, कुठलीही. काही जण अडखळतात, लाल होतात, हातानं हवेत आकृत्या काढतात. त्यांच्याबरोबर मी दिवसभर बसते. वाक्य निघेपर्यंत उठत नाही आणि त्यांनाही उठू देत नाही. काही जण सुरेख बोलतात आणि नेमक्या एका जागी येऊन त्यांचा आवाज मऊ होतो. तो मऊ आवाज मला ओळखता येतो. तो कुठं शिकवतात तेही ठाऊक आहे.

ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी माझी खोली आहे. ज्याला सांगायचं नाही, त्याचे कागद मी त्याच्या हातात परत देते. मग तो विभागप्रमुख असो, विलायतेहून आलेला असो, नाही तर उद्या माझीच पाटी सोन्याची करून देणारा असो. माझं इंग्रजी झाकायला मिळणार नाही. कुणालाही नाही.